चित्र पाठवायची परवानगी

सदानंद तांबे लिफ्टमध्ये शिरला की आधी छताकडे बघतो. कॅमेरा कुठे आहे आणि त्याची वायर कुठे जाते, हे कळल्याशिवाय तो बटण दाबत नाही. धंद्याची सवय म्हणावी, तर इमारतींमध्ये कॅमेरे आणि नेटवर्क बसवणाऱ्या कंपनीत तो इंजिनिअर आहे, आणि मस्कतच्या बौशर भागातल्या कितीतरी इमारतींचं काम त्याच्याच हातचं. पण मी त्याला रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकपासून ओळखतो. तेव्हाही हा माणूस मेसमधलं ताक फुंकून प्यायचा.

चोवीस वर्षं झाली आम्हाला मस्कतला येऊन. इतक्या वर्षांत त्याने कोणावर पूर्ण विश्वास टाकलेला मी पाहिलेला नाही, आणि त्यात मीही आलो. कुठल्याही कागदावर सही करायची तर तो आधी एक झेरॉक्स घरी नेतो आणि दोन दिवस वाचतो. त्याची बायको ललिता म्हणते, "लग्नाच्या रजिस्टरवर यांनी लगेच सही कशी केली, हेच मला कोडं आहे."

असल्या माणसाने एक चांगली गोष्ट केली, तीही संशयापोटीच. त्याची आई लांजा तालुक्यातल्या बौद्धवाडीत एकटी राहते. वय एकोणऐंशी. गोष्टी सांगण्यात तिचा हात धरणारं आमच्या पंचक्रोशीत कोणी नाही. इकडे आमच्या पोरांचं मराठी म्हणजे आनंदीआनंद. तेव्हा दर शुक्रवारी सकाळी आईने गावाहून गोष्ट सांगायची आणि पोरांनी टीव्हीसमोर बसून ऐकायची, असं ठरलं. व्हॉट्सॲपचा व्हिडिओ कॉल इथे लागत नाही. दुसरी ॲप आहेत, पण सदानंद म्हणाला, "फुकटात देणाऱ्याला माझ्या आईचा चेहरा कशाला देऊ? उद्या तो काय करील त्याचं?" म्हणून त्याने घरातल्या कपाटात स्वतःचा सर्व्हर उभा केला. गावात त्याचा चुलतभाऊ प्रफुल्ल झेरॉक्सचं दुकान तासभर बंद ठेवून आईसमोर मोबाईल धरायचा; त्यावर तिलाही सदानंदच्या हॉलमधली पोरं दिसायची. इथे ते चित्र यायचं, साठवलं जायचं, आणि सूर, सोहार अशा ओमानमधल्या दूरच्या शहरांतली आपली पोरं त्याने बनवलेल्या साइटवर हवं तेव्हा बघायची. बरोबर नऊला सुरू, बरोबर दहाला बंद. वेळ त्याने यंत्रातच बांधून टाकली होती, म्हणजे कोणाच्या भिडेला जागा नको.

पाच वर्षं हे चाललं. आई त्या एका तासासाठी आठवडा काढायची. शुक्रवारी सकाळी ठेवणीतलं लुगडं नेसून ती आठ वाजताच खुर्चीवर बसायची, असं प्रफुल्ल सांगायचा. हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं असत. काही आमच्या समाजाची, काही कोकणातल्या इतर घरांतली. त्यांत जितेश सावंतची रेवा पुढे बसायची. जितेश एसीचं काम करतो, संगमेश्वरकडचा आहे. पोरीला सोडायला यायचा आणि तास संपेपर्यंत दाराशी उभा राहून स्वतःही ऐकायचा.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी आईने कोल्ह्या-सशाची गोष्ट सोडून स्वतःची सांगितली. आठ वर्षांची असताना ती कळशी घेऊन वरच्या वाडीच्या विहिरीवर जायची. विहिरीला हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं, कोणी दया येऊन वरून ओतेल तेव्हा घ्यायचं. कधी तास जायचा, कधी दुपार. रेवाने हात वर करून विचारलं, "आजी, पण तुम्ही स्वतः का नाही घेतलं पाणी?"

आईने तोंड उघडलं आणि घड्याळात दहा वाजले. पडदा काळा झाला.

पुढच्या बुधवारी सदानंदला पत्र आलं. आधी ईमेल, मग कुरिअर. अमेरिकेतली कुठलीशी कंपनी होती. तिच्या वकिलांचं म्हणणं असं, की चित्रफीत एका ठिकाणी साठवायची, लहान करायची आणि दूरचा माणूस मागेल तेव्हा त्याला पाठवायची, ही पद्धत आमच्या मालकीची आहे. तिचं पेटंट आमच्याकडे आहे. तुम्ही ती वापरता असं आमच्या निदर्शनास आलं आहे. परवाना घ्या, नाहीतर पुढील कारवाईस तयार राहा. म्हणजे इंटरनेटवर चित्र दाखवणारं सारं जगच त्यांचं. उद्या कोणी चालण्याचं पेटंट घेऊन म्हणावं की पाऊल उचलताना आम्हाला विचारा, त्यातली ही गत. पण कागद जाड होता, शाई निळी होती आणि खाली सात आकडी पेटंट नंबरांची रांग होती.

सदानंदला आधी ती फसवणूक वाटली. त्याने प्रत्येक नंबर तपासला. नंबर खरे निघाले. कंपनी खरी निघाली, वकीलही खरे. संशयी माणसाची हीच गोम आहे. दहा गोष्टी खोट्या निघतील म्हणून तो शोधायला बसतो, आणि पहिल्या तीन खऱ्या निघाल्या की उरलेल्या सात न बघताच खऱ्या मानतो. त्याची पाचावर धारण बसली. आपल्याकडे आखातात एक धास्ती प्रत्येकाच्या पोटात असते: नावावर केस झाली तर देश सोडता येत नाही. आई एकोणऐंशीची. उद्या तिकडे काही झालं आणि विमानतळावर अडवलं तर? त्याने त्याच दिवशी सर्व्हर बंद केला.

हे तो आमच्यापैकी कोणाशी बोलला असता तर तासाभरात मिटलं असतं. पण नाही. हे त्या कंपनीला कळवलं कोणी, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. पंधरा दिवसांपूर्वी जितेशने त्याला विचारलं होतं, "सदादादा, तुम्ही हे सगळं साठवता कसं हो? आमच्या मंडळासाठी असं करायचं होतं." झालं. सुतावरून स्वर्ग. सदानंदने जितेशचा फोन उचलणं बंद केलं. समोर आला तर रस्ता बदलला. मला म्हणाला, सर्व्हर जळलाय. ललितालाही तेच सांगितलं. आईला म्हणाला, "मशीन बिघडलंय, दुरुस्त झालं की बघू."

"बरं," आई म्हणाली.

सात शुक्रवार गेले. या काळात तो आईला रोज साधा फोन करायचा. आई जेवलास का विचारायची, हो म्हणायची आणि फोन ठेवायची. पूर्वी ती अर्धा तास सोडायची नाही. हे त्याच्या लक्षात आलं नाही. लिफ्टमधला कॅमेरा हलला तर ज्याला कळतं, त्याला हे कळलं नाही, याचा मला अजून राग येतो.

एप्रिलच्या सुरुवातीला प्रफुल्लचा फोन आला. चौदा तारखेला जयंतीला आईने मस्कतच्या लोकांसाठी मोबाईलवर चार शब्द बोलून पाठवावेत, असं ललिताने परस्पर सुचवलं होतं. प्रफुल्ल म्हणाला, "दादा, काकी नाय म्हणतात. मोबाईल समोर धरला तर तोंड फिरवतात. म्हणतात, मस्कतच्या मोठ्या लोकांना आता माझं नको. ती विहिरीची गोष्ट सांगायला नको व्हती."

सदानंद म्हणाला, "काय संबंध?"

"पोरीनं विचारलं आणि तुम्ही लगेच बंद केलंत ना. मग पुढच्या शुक्रवारपासून कायमच बंद. काकी म्हणतात, कोणाच्या तरी घरच्यांना लागलं असणार. सदा बिचारा काय करील, त्याला तिथं राहायचंय."

त्या संध्याकाळी सदानंद माझ्याकडे आला. मी मदिनत सुलतान काबूसमधल्या एका ऑफिसात करारांचे कागद बघतो, हे त्याला चोवीस वर्षं ठाऊक आहे. तरी ते पत्र माझ्यासमोर ठेवताना त्याने आधी दार लावून घेतलं.

"अतुल, हे वाच. पण कोणाला बोलू नकोस."

मी वाचलं आणि त्याला शिव्या दिल्या. ज्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग आमच्या ऑफिसचे वकील यासिर यांच्याकडे त्याला घेऊन गेलो. ओमानी गृहस्थ, शांत. त्यांनी पत्र एकदाच वाचलं, काही तपासलं आणि हिंदीत म्हणाले, "तुमची मशीन कुठे आहे?"

"घरात. कपाटात."

"म्हणजे बौशरमध्ये. ही पेटंटं अमेरिकेची आहेत. यातलं एकही इथे नोंदलेलं नाही. आणि हे बघा, यातल्या बहुतेकांची मुदतही संपली आहे. अशी पत्रं ते हजारोंना पाठवतात. थोडे लोक घाबरले तरी त्यांचं काम होतं. तुम्हाला कोणी सांगितलं बंद करायला?"

"कोणी नाही," सदानंद म्हणाला.

"मग खलास. चालू करा."

"आणि त्यांना माझं नाव कोणी दिलं?"

यासिर यांनी त्याच्याकडे जरा वेळ पाहिलं. "साइट नोंदवताना तुम्हीच लिहिलंय ना? नाव, ईमेल, पत्ता. सगळं."

बाहेर आल्यावर सदानंद गाडीत बसला. मग त्याने आईला फोन लावला आणि खरं काय ते सांगितलं. मी शेजारी होतो. आईचा आवाज मला ऐकू येत होता.

"चित्र पाठवायची रीतच त्यांची, म्हणतात?"

"हो."

"साऱ्या जगातली?"

"हो आई."

"कागद दाखवला त्यांनी?"

"दाखवला. मी तो नीट बघितला नाही. घाबरलो."

आई म्हणाली, "पाण्याचंबी असंच सांगायची लोकं. आमचंच म्हणून. कागद नव्हता कोणाकडं." मग म्हणाली, "खरं सांगतोस ना सदा? की माझी समजूत काढतोस?"

त्याने शपथ घेतली. आई बरं म्हणाली. पण ते बरं कसलं होतं, ते आम्हा दोघांनाही कळलं. अमेरिकेतली एक कंपनी साऱ्या जगाच्या चित्रांवर हक्क सांगते म्हणून लांज्यातल्या म्हातारीची गोष्ट बंद पडली, यावर कोण विश्वास ठेवील? दुसरं कारण तिने उभ्या आयुष्यात पाहिलेलं होतं. ते जास्त खरं वाटणारं होतं.

जितेशकडे मी त्याला ढकलतच नेला. सदानंदने दारातच सांगितलं, की मला तुझा संशय आला होता, चूक झाली. जितेश एसीच्या फिल्टरची धूळ झटकत होता. हात पुसून तो म्हणाला, "कसला संशय?"

सदानंदने पत्राचं सांगितलं.

जितेश खाली बसला. "दादा, मला वेगळंच वाटलं हो. त्या दिवशी आजींनी विहिरीचं सांगितलं ना... आमच्या गावात वरच्या वाडीत आमचंच घर आहे. विहीर पण आमचीच. मला वाटलं, त्यानंतर तुम्हालाच आम्ही नकोसे झालो. बरोबरच आहे म्हटलं. म्हणून मीही परत विचारायला आलो नाही."

जितेशच्या बायकोने, जयवंतीने, चहा आणला. सदानंदने कप घेतला आणि तसाच धरून बसला. मला वाटतं, त्या कंपनीच्या पत्राने जेवढं त्याला हलवलं नव्हतं तेवढं जितेशच्या या बोलण्याने हलवलं.

पुढच्या शुक्रवारी सर्व्हर सुरू झाला. वेळेचा बांध त्याने काढून टाकला होता. हॉल भरला. जितेश या वेळी दाराशी उभा राहिला नाही, पोरांच्या मागे खाली मांडी घालून बसला. नऊ वाजता टीव्हीवर आई आली. लुगडं साधंच होतं. प्रफुल्ल मागून म्हणत होता, काकी, वर बघा. ती मांडीवरच्या हातांकडे बघत होती.

"आई, सगळे आलेत," सदानंद म्हणाला.

"व्हय," आई म्हणाली. "एक व्हता कावळा."

चिमणी-कावळ्याची गोष्ट. पाच वर्षांपूर्वी सगळ्यात पहिली सांगितलेली. पोरांना पाठ होती. ती सांगत गेली, चढउतार न करता, धडा वाचावा तशी. सदानंद माझ्या बाजूला उभा होता. त्याने माझा दंड इतका घट्ट धरला की मला दुखलं.

कावळा संपला. रेवाने हात वर केला. मला वाटलं तिला थांबवावं, पण उशीर झाला होता.

"आजी, त्या दिवशी तुम्ही सांगितलंच नाही. पाणी स्वतः का नाही घेतलं?"

आईने पहिल्यांदा वर पाहिलं. रेवाकडे नाही, तिच्या मागे.

"तुझा बाबा हाय का गं तिथं?"

"आहे ना. हा काय." रेवा सरकली. जितेश गुडघ्यांवर उठून पुढे आला.

"काय रं बाबा," आई म्हणाली, "सांगू का हिला?"

एकोणऐंशी वर्षांची बाई चाळिशीच्या माणसाला स्वतःच्या आयुष्यातली गोष्ट सांगायची परवानगी विचारत होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं. सदानंदचा हात माझ्या दंडावरून सुटला.

जितेशने रेवाला जवळ घेतलं. "सांगा आजी. मलापण कोणी सांगितलेली नाही. मीपण ऐकतो."

आईने पदर सावरला. "तर बाळांनो, विहिरीला चार बाजूंनी कठडा व्हता," असं म्हणून तिने सुरुवात केली. पोरं पुढे सरकली. साडेदहा वाजून गेले तरी गोष्ट चालू होती, आणि तिने ती शेवटपर्यंत सांगितली. पण दर दोन-चार वाक्यांनी ती थांबायची आणि पडद्यातून जितेशच्या चेहऱ्याकडे बघून घ्यायची.