श्रावणातली बदली

"म्याडम, मामाला वळखलं लोकायनी. आता काय करता?"

आप्पांचा फोन आला तेव्हा मी बीडच्या हॉटेलात पुढच्या आठवड्याच्या सुट्ट्या लावत बसले होते. आप्पा म्हणजे तीन हॉटेलांचे मालक. आमच्याकडे हॉटेल म्हणजे जेवायची जागा, मुक्कामाची नव्हे. एक बीडला, एक अंबाजोगाईला, दोन्ही शुद्ध शाकाहारी. तिसरं नांदूरघाटच्या रस्त्यावर, मटणाचं. ते कागदावर मेव्हण्याच्या नावावर आहे, कारण आप्पांच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा चिरत नाहीत. या तिन्ही ठिकाणची एचआर मी. माणसं भरायची, टिकवायची आणि कुणी कुणाला शिवी दिली तर मध्ये बसायचं. पुण्यात अकरा वर्षं हेच काम एसीत केलं. आता पंख्याखाली करते.

मामा म्हणजे नामदेवमामा, मटणाच्या हॉटेलचे आचारी. पंधरा दिवसांपूर्वी मी त्यांची बदली अंबाजोगाईच्या शाकाहारी हॉटेलात केली होती. ही माझ्या नोकरीतली सगळ्यात हुशार बदली आहे, असं मी तोवर दोघातिघांना सांगितलंही होतं.

त्यामागचं गणित सोपं होतं. आखाडात मटणाच्या हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. श्रावण लागला की तिथं कुलूप. सहा माणसं महिनाभर बिनपगारी घरी. श्रावण संपल्यावर त्यातली तीनच परत यायची, बाकीची पुण्याला नाहीतर दुसऱ्या ढाब्यावर. याला आमच्या धंद्यात ॲट्रिशन म्हणतात. म्हणजे माणूस शिकवायचा आपण आणि वापरायचा दुसऱ्याने. नवा आचारी आला की रश्शाची चव हलते, आणि ती बसेपर्यंत गिऱ्हाईक हलतं. त्याच महिन्यात शाकाहारी हॉटेलांत मात्र फराळाला रांगा. मग आप्पा रोजंदारीवर मिळेल त्याला धरून आणायचे. त्यातल्या एकाने उपासाच्या खिचडीत हळद घातली होती.

मी म्हटलं, "आप्पा, तिकडची सहा माणसं महिनाभर इकडं आणू. रोजंदारी बंद. पगार चालू ठेवला तरी खर्च कमीच, आणि माणसं कुठं जाणार नाहीत."

आप्पा बराच वेळ माझ्या लॅपटॉपकडे बघत राहिले. "इतकी वर्सं हे आमच्या टकुऱ्यात कावून आलं न्हाई?"

का आलं नव्हतं ते मला त्या सोमवारी कळलं.

झालं असं. अंबाजोगाईत एक रिटायर्ड गुरुजी दर श्रावणी सोमवारी चौघा मित्रांसोबत फराळाला येतात. मामा भगरीचं पातेलं घेऊन बाहेर आले आणि गुरुजी ताटावरून उठले. "हा नांदूरघाट रोडचा मटणवाला! याच्या हातचं आम्ही उपासाला खायचं?" पाच ताटं तशीच राहिली. शेजारचं टेबलही उठलं. दुपारपर्यंत ही बातमी आप्पांच्या साडूपर्यंत पोचली होती.

"उद्यापासून मामा नको," आप्पा फोनवर म्हणाले. "बाकीच्यायलाबी घरी पाठवा. आन् ते हाटेल आपलं हाय हे कुणाला कळू देऊ नका."

मी एसटीने अंबाजोगाईला गेले. मामा मागच्या दाराशी शेंगदाणे निवडत होते. त्यांना बहुतेक अंदाज आला होता, कारण पिशवी भरून शेजारी ठेवलेली होती.

"मामा, तुम्ही काही बोलला नाहीत का त्यांना?"

"काय बोलू? हात धुतल्याले हायत म्हणलं. त्यायनी ऐकलं न्हाई."

मग ते म्हणाले, "म्याडम, मी जन्मात मटण तोंडाला लावलं न्हाई. समदे सोमवार धरतो."

मी चार वर्षं यांची हजेरी लावतेय आणि मला हे माहीत नव्हतं. "मग चव कशी बघता?"

"वासावर. मीठ वेटर बघतो."

माझ्या फाइलमध्ये त्यांच्या नावापुढे 'आचारी, नॉनव्हेज, अनुभव बावीस वर्षं' एवढंच होतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

खरी अडचण पुढे होती. त्यांच्या बायकोचा पाय मोडला होता आणि ऑपरेशन होऊन ती तिथल्याच दवाखान्यात पडून होती. दुपारचं काम आटोपलं की मामा डबा घेऊन वॉर्डात जायचे, चार वाजता परत. पुण्याचा एक केटरर त्यांना महिनाभर बोलावत होता. बदली अंबाजोगाईला झाली म्हणूनच ते थांबले होते. आता काढलं तर त्यांना पुण्याला जावं लागणार आणि बाई वॉर्डात एकटी राहणार. महिनाभर बसून खाण्याची त्यांची ऐपत नव्हती.

मी आप्पांना फोन करून एक दिवस मागितला. "गुरुजी उद्या सकाळी यायलेत जाब इचारायला," ते म्हणाले. "तुमीच बोला. मी नुसता बसतो."

सकाळी गुरुजी चौघा मित्रांसह आले. आप्पा गल्ल्यावर बसले. मला गुरुजींचा राग आला होता, पण राग आला की मी फॉर्म काढते. ही पुण्याची सवय. तक्रार निवारण फॉर्म, दोन पानी, जुन्या कंपनीचा. वरचं नाव बदलून मी तो इथं आणला होता आणि आजवर एकदाही वापरला नव्हता.

"गुरुजी, तुमची तक्रार लेखी घेते. त्याशिवाय मला कुणाला काढता येत नाही."

लेखी म्हटल्यावर गुरुजी खूश झाले. चष्मा लावला, स्वतःचं पेन काढलं. अक्षर फार सुंदर. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, 'तक्रारीचे स्वरूप' याखाली दहा ओळी लिहिल्या. मग पान उलटलं आणि पेन थांबलं.

तिथं छापलं होतं : 'संबंधित कर्मचाऱ्यास आपण कसे ओळखता?'

"हे लिहायलाच पाहिजे का?"

"सगळे रकाने भरावे लागतात, गुरुजी."

"पाहिलंय याला. येता-जाता. रस्त्यावरून."

मामा हात जोडून उभे होते. गुरुजींना मदत करावी म्हणून ते मनापासून म्हणाले, "रस्त्यावरून मी न्हाई दिसत, गुरुजी. भटारखाना मागं हाय. फ्यामिली रूमच्या खिडकीतूनच दिसतो तेवढा."

चौघांतले तिघे गुरुजींकडे बघत होते. चौथा छताच्या पंख्याकडे बघत होता.

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं. फॉर्मची घडी घालून खिशात ठेवली. "घरी नीट विचार करून भरतो," म्हणाले.

पंख्याकडे बघणारा घाईने म्हणाला, "आप्पा, जाऊ द्या. तुमचंच हाय दोन्ही हाटेल. माणूस हिकडचा तिकडं व्हायचाच."

आप्पा गल्ल्यावरून उठले. "तुमाला कुणी सांगितलं, माझं हाय म्हणून?"

"सगळ्या केज तालुक्याला म्हाईत हाय की."

आप्पा परत खाली बसले. इतकी वर्षं मेव्हण्याच्या नावाने हॉटेल चालवून त्यांना मिळालेली ही माहिती होती. मग त्यांनी पाच चहा सांगितले. मामा आत गेले आणि त्यांनीच चहा केला. पाचही जणांनी प्यायला.

मामा श्रावणभर अंबाजोगाईतच राहिले. बायकोला काठी धरून चालता येऊ लागलं तेव्हा घरी घेऊन गेले. श्रावण संपल्यावर मटणाचं हॉटेल उघडलं आणि सहाच्या सहा माणसं कामावर हजर झाली. माझ्या रिपोर्टमध्ये ॲट्रिशन शून्य, असं मी ठळक अक्षरात लिहिलं.

आप्पांनी रिपोर्ट वाचला. मान डोलावली. मग म्हणाले, "म्याडम, लई चांगलं. फकस्त त्या फारमातला तेवढा रकाना काढून टाका."

"का? त्यानेच तर वाचलो."

"गुरुजी परवापास्नं तिकडं यायलेत, फ्यामिली रूमला. श्रावणात हिकडं, आन् बाकीचे आकरा म्हैने तिकडं. असलं गिऱ्हाईक दुखावून चालंल का?"

मी रकाना काढला. कर्मचारी तीन हॉटेलांत फिरवायची योजना माझी होती, हे मी अजूनही मुलाखतींत सांगते. गिऱ्हाईक माझ्या आधीपासून फिरत होतं, ते सांगत नाही.