पुसलेली पत्रिका

आज सकाळी फोनने सांगितलं, जागा संपली, काहीतरी काढून टाका. कोणते फोटो काढावेत ते ठरेना, आणि मला भोकरदनच्या बस स्टँडसमोरचं माझं लग्नपत्रिकांचं दुकान आठवलं. वीस वर्षं तरी झाली असतील.

त्या दुपारी कॉम्प्युटरची डिस्क भरली होती आणि मी जुन्या पत्रिका पुसत बसलो होतो. तापलेल्या प्रिंटरचा वास दुकानात कोंडला होता. राजूरकडचे एक मामा चपला दाराबाहेर काढून आत आले, तेव्हा जागा करायला जुन्या पत्रिका पुसतोय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांच्या लेकीची पत्रिका मीच केली होती, पण ऐनवेळी सोयरीक मोडली होती.

"भाऊ, तुमच्या मशिनीत ती पत्रिका हाये तवर पोरीचं नाव त्या घराला चिकटलेलंच. पुसून टाका."

मी पत्रिका उघडली. "हीच ना, मामा?"

त्यांनी पडद्यावर लेकीच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही. "बराबर. हीच."

मी पुसली.

"किती जागा झाली?"

मी आकडा पाहून खरं ते सांगितलं. "काहीच फरक न्हाई, मामा. एवढीशीच असती ती."

"एवढीशीच?" ते रिकाम्या पडद्याकडे बघत राहिले. "घरी पोरगी जेवून न्हाई राह्यली, भाऊ."

पुष्कळ जागा झाली, असं म्हणायला माझं काय जात होतं? त्यांना तेच ऐकायचं होतं, असं आज वाटतं. मग वाटतं, तसं म्हटलं असतं तर पोरीचं नाव पुसून दुसऱ्यांच्या पत्रिकांना जागा झाली, असं वाटून ते आणखी दुखावले असते. मला अजूनही कळलेलं नाही.