हात दाखवा, गाडी थांबवा

आमच्या घरात कुणी ‘हात दाखव’ म्हटलं तर ज्योतिषाकडे जायचं नसे. हात खिडकीबाहेर काढायचा असे. मुलुंडला बाबांचं मोटार ट्रेनिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक टेबल, एक पाटी आणि एक गाडी. गाडी कुठली, तर एकेकाळी मुंबईत सगळीकडे टॅक्सी म्हणून जी धावायची ती: गोल दिवे, पुढच्या दारांना त्रिकोणी काचा आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. आमची पांढरी होती. शिकवणाऱ्याच्या, म्हणजे डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवलेले होते. त्यामुळे गाडी वेळेवर थांबली की शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबवली.

गाडीला इंडिकेटर होते, पण बाबांचा त्यांच्यावर काडीचा विश्वास नव्हता. “बल्ब कोण मानीत नाय, हात मानतत,” असं ते म्हणायचे. म्हणून येणारा प्रत्येक जण आधी हात शिकायचा. उजवीकडे वळतोय, हळू होतोय, थांबतोय, तू पुढे जा. मुलुंडच्या गृहिणी, कारकून, एक दातांचे डॉक्टर, सगळे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हवेत हात हलवत असायचे. मीही तशीच शिकले, आणि डॉक्टरांपेक्षा लवकर.

बाबा मूळचे कणकवलीकडचे. गिरणी बंद पडल्यावर ड्रायव्हिंगकडे वळलेले. त्यांची भाषा निम्मी मालवणी, निम्मी मुलुंडची, आणि कुठल्या वाक्यात कुठली चालू आहे हे ते सांगत नसत. मालवणीत ‘तो आला’ला ‘तो आलो’ म्हणतात. त्यात बाबा ‘तो’ गाळून टाकायचे. एकदा त्यांनी फोन केला, “पडलो गो! आरटीओत पडलो!” आई साताऱ्याकडची. ती पर्स घेऊन हॉस्पिटलला निघाली. पडले होते दातांचे डॉक्टर, टेस्टमध्ये.

गेल्या वर्षी बाबांना झटका आला. डावी बाजू गेली. पाय फिजिओथेरपीने थोडा परत आला, काठी घेऊन ते चालायला लागले, पण डावा हात खांद्यापासून नुसता लोंबत राहिला. जीभ शाबूत होती, उलट जास्त धार आली होती. स्कूल त्याआधीच बंद झालं होतं. गाडी मात्र आमच्या बिल्डिंगखाली उभी होती, आणि तिची किल्ली बाबांच्या बंडीच्या खिशात. रोज सकाळी वॉचमनच्या मदतीने खाली जाऊन ते ती चालू करायचे, इंजिन तापेपर्यंत ऐकायचे आणि बंद करून वर यायचे.

मग आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट पक्कं झालं. सगळ्यांनी घरं रिकामी करायची होती. आम्हाला नाहूरला भाड्याची जागा मिळाली, चांगली, लिफ्टवाली, पण पार्किंग नव्हतं. मी हात-पाय मारून मालाडचा एक माणूस शोधला. तो जुन्या गाड्या ठेवतो, लग्नांना आणि फोटो काढायला भाड्याने देतो. त्याने फोटो बघूनच गाडी मागितली. मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, “बघू.” आमच्या घरात ‘बघू’ म्हणजे नाही.

मला काही कळेनासं झालं होतं. माझी स्वतःची गाडी ऑटोमॅटिक. रिव्हर्स घेताना पिकपिक करते, एसी आहे, रस्ता सांगते. बाबांची गाडी वळवायची तर दोन्ही खांद्यांतून जोर लावावा लागतो, उन्हाळ्यात रेक्झिनच्या सीटला मांड्या चिकटतात, आणि सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागते. आता तर बाबा ती चालवूही शकत नव्हते. गिअर डाव्या हाताने टाकायचा, आणि डावा हातच नव्हता. मग किल्ली कशासाठी धरून बसले होते? मी एकदा रागाने विचारलंही. ते म्हणाले, “तुका नाय समजायचा.” आणि खरंच मला समजत नव्हतं.

त्याच सुमाराला माझी मुलगी आणि जावई इंग्लंडहून आले. जावई तिकडचाच. त्याच्याकडेही एक जुनी गाडी आहे, आणि ती तो फक्त रविवारी, ऊन पडलं तर, बाहेर काढतो. आमच्या बिल्डिंगखाली बाबांची गाडी पाहिली आणि गडी बॅगा तिथेच टाकून तिच्याभोवती फिरायला लागला. त्रिकोणी काच उघडून त्याने वारा कुठून येतो ते पाहिलं. आत डोकं घालून रेक्झिन आणि पेट्रोलचा वास घेतला. ही मूळची इटलीची, कुर्ल्यात बनायची, हे त्यानेच मला सांगितलं. मुलुंडमध्ये जन्म गेला माझा, आणि कुर्ल्याची माहिती मला जावई देणार! मी त्याला विचारलं, “तुझ्या नव्या गाडीत सीट गरम होते, तरी तुला ही का आवडते?” त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “हिच्यात काय चाललंय ते कळतं.” मला तर हिच्यात कधीच काही कळलं नव्हतं.

बाबा गॅलरीतून बघत होते. संध्याकाळी ते मला म्हणाले, “त्याका सांग, रविवारी हात दाखव म्हणून.” म्हणजे त्यांना परीक्षा घ्यायची होती. मीही विचार केला, गाडीतून नाहूरची जागाच बघून येऊ, बाबांना तिथलं गेट दाखवू, पार्किंग नाही हे डोळ्यांनी पाहिलं की किल्ली सुटेल. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी बाबांनी जावयाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आधी सगळे हात शिकवले, मग निघालो. जावई स्टिअरिंगवर, त्याच्याकडे इंटरनॅशनल परमिट होतं. बाबा नेहमीच्या डाव्या जागेवर, चांगला उजवा पाय त्यांच्या ब्रेकवर. मागे जावयाच्या पाठीशी मुलगी, बाबांच्या पाठीशी मी. आमची गल्ली एलबीएस रोडला डोंगराकडून मिळते. नाहूरला जायला उजवीकडे वळावं लागतं. म्हणजे आधी भांडुपकडून येणारे ओलांडायचे, मग ठाण्याकडून येणाऱ्यांत घुसायचं. त्यात मेट्रोचं काम.

जावई गल्लीच्या तोंडाशी थांबला आणि थांबूनच राहिला. तो वाट बघत होता, कुणीतरी त्याला जागा देईल म्हणून. मागे रिक्षांनी हॉर्नचा कहर केला. त्याचे कान लाल झाले. “ते माझ्यावर का चिडलेत?” तो म्हणाला. मुलगी म्हणाली, “चिडले नाहीत रे, ते नुसतं ‘मी इथे आहे’ म्हणतायत.” एवढ्यात एक बाई पिशव्या घेऊन, पंजा आमच्याकडे करून, समोरून गेली. तिचं म्हणणं, थांब, मी जातेय. याने खुश होऊन स्वतःचा पंजा वर केला. तिकडे पंजा म्हणजे थँक्यू. मग आणखी दोघे गेले पंजा दाखवत, आणि यानेही दोघांना हात केला. बाबा माझ्याकडे मान वळवून म्हणाले, “ह्यो काय इलेक्शनक उभो रवलो?”

तेवढ्यात भांडुपकडून एका बसने दिव्यांची उघडझाप करून डिपर मारला. जावयाचा चेहरा उजळला आणि त्याने गाडी पुढे घेतली.

बाबांनी ब्रेकवर पाय दाबला. गाडी जागच्या जागी आदळली, माझं कपाळ पुढच्या सीटवर. बस नाकासमोरून गेली. “मेल्या, डिपर दिल्यान म्हणजे तो येता हा! तुका बोलवणा नाय!” बाबा ओरडले. मुलीने भाषांतर केलं, मेल्या सोडून.

मला जावयाची दया आली, कारण त्यांच्या देशात माझं हेच झालं होतं, फक्त उलटं. तिकडच्या एका अरुंद रस्त्यावर मी गाडी चालवत होते. समोरून लॉरी आली, तिने डिपर मारला. मी झटकन कुंपणाला चिकटून थांबले. लॉरीवाल्याने परत मारला. मला वाटलं, हा शिव्या देतोय. मी आणखी चिकटले. दोघंही उभे, तो डिपर मारतोय आणि मी मनातल्या मनात गणपतीला नवस बोलतेय. शेवटी मुलगी म्हणाली, “अगं आई, तो तुला ‘ये’ म्हणतोय ना!” तिकडे डिपर म्हणजे ये, इकडे डिपर म्हणजे मी येतोय. तेव्हापासून मला दोन्ही माहीत आहेत, आणि म्हणूनच कुठेही डिपर दिसला की मी दगड होते.

जावयाने मान डोलावली, दात आवळले आणि दुसऱ्यांदा गाडी घातली. भांडुपकडचे पार केले. दुभाजकाच्या फटीत पोचलो आणि गाडी बंद पडली. नाक ठाण्याकडून येणाऱ्या रस्त्यात, शेपूट मागच्या रस्त्यात. दोन्हीकडून हॉर्न. डंपर, टँकर, बाईकवाले आमच्या नाकाला वळसा घालून चालले होते, कुणी थांबत नव्हतं. जावई गिअर शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता. मला वाटलं, वाट लागली. मी मुलीचा हात धरला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा माझ्या खिडकीपुढे, बाबांच्या खिडकीतून एक हात बाहेर आला होता. पंजा ठाण्याकडे, बोटं थोडी आत वळलेली. समोरचा डंपर थांबला. त्याच्यामागचे थांबले. गाडी चालू झाली, वळली, आणि आम्ही नाहूरच्या दिशेला लागलो. मग माझ्या लक्षात आलं. तो डावा हात होता.

नाहूरच्या गेटपाशी मी सगळ्यांना विचारलं. मुलगी म्हणाली, “आजोबांनी उजव्या हाताने डावा उचलून खिडकीवर ठेवला, मी पाहिलं.” जावई म्हणाला, शक्यच नाही, आजोबांचा उजवा हात गिअरवर होता, पहिला गिअर त्यांनीच टाकला, माझ्या हातावर हात ठेवून. दोघं त्यावरून भांडायला लागले. मी तर डोळेच मिटले होते. बाबांना विचारलं तर ते गेटकडे बघत म्हणाले, “पार्किंग खरंच नाय गो.”

घरी आल्यावर मी त्यांच्यासमोर बसले. “बाबा, एकदा उचला ना हात. मला बघू दे.” ते हाताकडे बघत राहिले. हात मांडीवर तसाच पडून होता. “उचला ना.”

“घरात कोणाक थांबवू?” बाबा म्हणाले.

मला रडू आलं, आणि राग आला, आणि कशाचं काय ते समजेना. फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, कधी कधी होतं असं, उगाच आशा लावू नका, पण सोडूही नका. म्हणजे नेमकं काय करायचं?

रात्री जेवताना बाबांनी बंडीतून किल्ली काढली आणि जावयाच्या ताटाशेजारी ठेवली. म्हणाले, मालाडला गाडी तो नेईल, दुसरं कुणी नाही, कारण तो हळू चालवतो. जावयाने किल्ली उचलली आणि हातात घट्ट धरून बसला. जेवण झालं तरी त्याने ती खाली ठेवली नाही.

गाडी गेली त्या सकाळी मी आणि बाबा गेटवर उभे होतो. त्यांच्या उजव्या हातात काठी. मी त्यांच्या मागे, सावरायला. जावयाने चोक ओढला, पहिल्या फटक्यात चालू झाली. मुलगी शेजारी बसली, बाबांच्या जागेवर. गाडी गेटबाहेर पडली, गल्लीला लागली, आणि बाबांचा डावा हात वर आला. छातीपर्यंतच, जास्त नाही. पंजा समोर, बोटं आत वळलेली. या वेळी माझे डोळे उघडे होते.

जावयाने आरशात पाहिलं असणार, कारण त्यानेही खिडकीतून हात बाहेर काढला, पंजा वर केला आणि तसाच पुढे गेला. कोपऱ्यावर मात्र त्याने नीट उजवा हात आडवा धरला, बाबांनी शिकवला तसा, आणि वळला.

मला बाबांचा चेहरा दिसत नव्हता. हा टाटा होता, की थँक्यू, की थांब? आमच्या घरात त्या हाताचा एकच अर्थ होता, आणि तो मीही शिकले होते, पण त्या क्षणी मला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. गाडीचा आवाज एलबीएस रोडच्या आवाजात मिसळेपर्यंत बाबा तसेच उभे होते.

“थांबलो नाय,” ते म्हणाले.

कोण, बाबा? तो, की तुम्ही? मी विचारणार होते. पण ते जिन्याकडे वळले होते, आणि डावा हात पुन्हा खाली लोंबत होता.