बंद करायची नोकरी

माझं काम सांगितलं की लोकांना वाटतं मी रॉकेट उडवते. मी काहीही उडवत नाही. दूरच्या ताऱ्यांचे क्ष-किरण टिपणारं एक जुनं यान आमच्याकडे आहे, ते मी सांभाळते. एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे त्याचं तोंड वळवायचं, ते सरळ राहावं म्हणून त्याच्या पोटात जी चाकं फिरतात त्यांचा साठलेला वेग अधूनमधून उतरवायचा, घसरलेली कक्षा जागेवर आणायची. प्रत्येक आज्ञा मी मोठ्यानं वाचते, शेजारचा सहकारी तीच परत म्हणतो, मगच ती वर जाते. कंटाळवाणं आहे, पण मला ते आवडतं.

न आवडणारा भाग सूर्याचा. सूर्यावर स्फोट झाला की इशारा येतो आणि यानावरचं नाजूक उपकरण आम्ही बंद करतो, कारण कणांचा मारा लागला तर ते कायमचं जाईल. दहा इशाऱ्यांत वादळ येतं एखादंच. बाकीच्या वेळी आम्ही नुसतेच बंद करून बसतो आणि शास्त्रज्ञ आमच्या नावानं खडे फोडतात. त्या एप्रिलमध्ये तर कहर झाला. एका मुलीला तिच्या प्रबंधासाठी एक तारा बघायचा होता, वर्षभर वाट पाहून तिचा नंबर लागला होता, आणि मी उपकरण बंद केलं. वादळ बाजूनं निघून गेलं. बैठकीत तिचे सर म्हणाले की अशानं यान कपाटात ठेवलेलं बरं. त्याच रागात मी रजा टाकून गावी आले.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावाच्या पुढे, जंगलाला लागून. बाबा गेल्यापासून आई एकटी असते. मी पोचले त्याच दिवशी वनखात्याची जीप भोंगा लावून फिरली. नहराच्या, म्हणजे कालव्याच्या बाजूला पिल्लांसकट वाघीण आहे, मोहाची फुलं वेचायला कोणी जाऊ नये. आईनं ऐकलं आणि टोपलीच्या सुटलेल्या काड्या बांधत राहिली.

आमच्याकडे रानातल्या मोहाला मालक नसतो. हंगामाच्या तोंडावर जो झाडाखालचा पाला झाडून जागा लख्ख करतो, त्या साली झाड त्याचं. पण फुलं पडून राहिली आणि वेचायला कोणी आलं नाही, तर दुसऱ्यानं वेचावीत, आणि मग झाडही त्याचंच. नहराजवळचं ते झाड आई लग्न होऊन आल्यापासून वेचत आलेली. पैशाचा प्रश्न नव्हता, मी पाठवते ते तिला पुरतं. झाड तिचं होतं, एवढंच.

पहाटे ती निघाली तेव्हा मी उंबऱ्यावर बसले आणि उठले नाही. आम्ही पुष्कळ भांडलो. शेवटी ती आत जाऊन भांडी आपटत बसली. त्या सकाळी वाघीण कोणाला दिसली नाही. आमच्या झाडाखाली शेजारच्या काकूनं फुलं वेचली आणि दुपारी येऊन सरळ सांगून गेली, की उद्या तू नाही आलीस तर झाड माझं.

संध्याकाळी सहकाऱ्याचा फोन आला. आमच्याकडे रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ. नवा इशारा आला होता, उपकरण बंद केलेलं होतं, आता इशारा जरा सौम्य झालाय, शास्त्रज्ञ मागे लागलेत, चालू करू का? मी म्हटलं, अजिबात नाही. आई घागर घेऊन तिथेच उभी होती. काय झालं ते तिनं विचारलं, मी समजावलं. मग तिनं विचारलं, मागच्या वेळी आलं होतं का ते वादळ? मी नाही म्हटलं.

"तुये बाबा वाघानं नाई गेले," ती म्हणाली. "घरी खाटेवर, तापानं गेले. मी सकाळी जाणार आहो."

मला अजूनच चीड आली. कारण चुकत मी नव्हते. वाघीण होती. पिल्लं होती. आई एकदा चुकली तर दुसरी संधी नव्हती.

मग पहाटे मीच तिच्यासोबत गेले. वाटेत तिला बजावलं, की तू खाली बघून वेच, मी जंगलाकडे तोंड करून उभी राहते, मी "उठ" म्हटलं की टोपली टाकून माझ्याकडे यायचं. काय करायचं, परत म्हण. ती हसली, पण म्हणाली, उठ म्हटलं की टोपली टाकून यायचं.

पाला वाजला, मी ओरडले. आई टोपली टाकून आली, फुलं सांडली. मोर होता. तिनं फुलं परत भरली. मग वानरं खेकसली, मी ओरडले, ती आली. काहीच नव्हतं. पुढच्या वेळी काय होतं ते कळलंच नाही. दर वेळी ती आली. एकदाही कुरकुरली नाही, एकदाही उशीर केला नाही, आणि मला ते तिच्या हट्टाहून जड गेलं. ऊन चढलं, फुलं सुकायला लागली, टोपली अर्धीसुद्धा भरली नव्हती. पलीकडच्या झाडाखालून काकू भरली टोपली डोक्यावर घेऊन निघून गेली.

घराजवळ आल्यावर आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या तू नोको येऊ बाई. तू असली का मले वेचनं होत नाई."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला भांडता आलं असतं. तशीही माझी रजा संपलीच होती. दुपारच्या गाडीनं मी मूलला गेले, तिथून रात्रभर प्रवास करून दुसऱ्या दिवशी पहाटेच्या ड्यूटीला हजर झाले.

इशारा अजून उठलेला नव्हता. उपकरण बंदच होतं. यान कुठे आहे, कोणत्या बाजूला कललंय, त्याची चाकं किती वेगानं फिरताहेत, सगळं माझ्यासमोर पडद्यावर होतं. बाहेर जाऊन मी आईला फोन लावला. लागला नाही. ती झाडाखाली असणार, तिथे रेंज नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी परत लावला.