अडकलेलं ‘नाही’

स्टेनोबाईंना नगरपालिकेत सव्वीस वर्षं झाली होती. सभागृहात व्यासपीठाच्या डाव्या हाताला, खांबाच्या आडोशाला त्यांचं टेबल. सभेत जो जे बोलेल ते त्या ऐकता ऐकता टाइप करायच्या आणि ते व्यासपीठामागच्या मोठ्या पडद्यावर उमटायचं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ही सोय होती. अशी तीन माणसं नेमाने येऊन पहिल्या बाकावर बसायची. बाकीचे लोकही पडद्याकडेच बघायचे, कारण माइक फार खरखरायचा.

चौथा नेमाचा माणूस म्हणजे बाईंचा दादा. चाळीस वर्षं त्याने लोकांच्या घरचे नळ जोडले होते. साठीत एक ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून तो प्रत्येक सभेला जाऊन पडदा वाचायचा आणि घरी येऊन धाकट्या बहिणीच्या टायपिंगमधल्या चुका सांगायचा. पुढे खुब्याचं हाड मोडलं आणि जिने बंद झाले. सभागृह दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट होती, पण ती दुरुस्तीला होती. लिफ्ट दुरुस्तीचा विषय बाईंनी सतरा वेळा टाइप केला होता.

आता सभा असेल त्या संध्याकाळी दादा स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसायचा. ऐकू येत नसल्यामुळे तो बोलायचा ते शेजारच्यांनाही कळायचं.

“धाकटे, आज काय झालं सभेत?”

बाई फ्रिजवरच्या पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या : काही नाही.

“पाच तास काही नाही?”

त्या लपवत नव्हत्या. टाइप करताना शब्द कानातून आत यायचा आणि बोटांतून बाहेर पडायचा, मधे डोक्यात थांबायचाच नाही. पाच तासांनी त्यांना एवढंच आठवायचं की पाणी प्यायचं राहिलं. दादाला हे पटत नव्हतं. पगार नगरपालिका देते म्हणून ही तोंडाला कुलूप लावून बसते, असं त्याचं मत होतं आणि ते तो खिडकी उघडी असताना मांडायचा.

शेवटी बाई ऑफिसातल्या कॉम्प्युटरवाल्याकडे गेल्या.

“पडद्यावर जातं ते मला घरी नेता येईल का?”

“पडद्यावरून वर सरकलं की गेलं,” तो म्हणाला. “कुठेच राहत नाही. पण मधे टी टाकता येईल, पाइपाला फाटा काढायला टाकतात तसा.”

त्याने समजावलं. बाईंचे शब्द एका नळीतून पडद्याकडे जातात असं समजायचं. कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत जो आदेश लिहून आपण ही नळी चालू करतो, त्याच ओळीत ‘टी’ नावाचा आणखी एक आदेश घालायचा, की तेच शब्द पडद्यावरही जातात आणि फाइलीतही साठतात. ओळ बारा-तेरा शब्दांची होती. बाईंनी ती कागदावर उतरवून टेबलाच्या काचेखाली ठेवली आणि दर सभेच्या सकाळी स्वतः टाइप करू लागल्या. टीच्या पुढे एक छोटं अक्षर घालायचं असतं, म्हणजे नवा मजकूर जुन्याच्या खाली जोडला जातो. पहिल्या आठवड्यात त्या ते विसरल्या, आणि बुधवारच्या सभेने सोमवारची सभा पुसून टाकली. कोणाच्या लक्षात आलं नाही.

फाइल छापून घरी आणली तेव्हा दादाने ती वाचली आणि हे शिळं आहे म्हणाला. बाईंनी फळ्यावर टीची आकृती काढून दाखवली. चाळीस वर्षं हातात धरलेली वस्तू त्याला समजावण्याची गरज नव्हती.

“मग तिसरा फाटा काढ आणि घरी आण,” तो म्हणाला. “फक्त दाब बघ. तीन फाटे काढलेस तर पडद्यावर थेंब थेंब येईल.”

बाईंनी लिहिलं : दाब कमी होत नाही. सगळ्यांना पूर्ण मिळतं.

“असा टी मी जन्मात पाहिलेला नाही.”

तरीही तिसरा फाटा निघाला. कॉम्प्युटरवाल्याने एक जुना लॅपटॉप दिला, घरापर्यंतची जोडणी करून दिली आणि हे कोणाला सांगू नका म्हणाला. दादा सकाळी दहाला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसू लागला. आपल्याला अर्धंच मिळत असणार हा संशय काही जाईना. महिनाभर त्याने घरी आलेला मजकूर आणि फाइलीतला मजकूर बोट ठेवून ताडून पाहिला. दोन्हीकडे चुकासुद्धा त्याच निघाल्या, तेव्हा त्याने टीबद्दल बोलणं सोडलं.

दोन महिने सुरळीत गेले. मग ती दिवसभराची सभा आली.

विषय पाण्याचा होता. पूर्वेकडच्या गल्ल्यांत आठ महिने पाणी येत नव्हतं आणि नगरपालिकेच्या कागदावर ते रोज येत होतं. गॅलरी भरली होती. दुपारी सभापती उत्तराला उभे राहिले आणि पावणेचारला त्यांनी आवाज चढवून सांगितलं, “हे सभागृह आजवर लोकांशी खोटं बोललेलं नाही.”

पडद्यावर उमटलं : हे सभागृह आजवर लोकांशी खोटं बोललेलं

आणि पडदा थांबला.

सभापतींची पाठ पडद्याकडे होती. बाईंच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर अक्षरं नेटकी येत होती, त्यामुळे त्यांनी मान वर केली नाही. पहिल्या बाकावरच्या तिघांनी ते वाक्य वाचलं, एकमेकांकडे पाहिलं, पुन्हा वाचलं. त्यातले वयाने मोठे होते ते उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवू लागले. गॅलरीने साथ दिली. सभापतींना इतक्या टाळ्या कधी मिळाल्या नव्हत्या. ते वीस मिनिटं जास्त बोलले.

वाक्य चाळीस मिनिटं तसंच राहिलं. वर्तमानपत्राच्या माणसाने सभापतींसकट त्याचा फोटो काढला. कॉम्प्युटरवाला टेबलाखाली शिरून एकेक वायर दाबत होता. चार पंचविसाला अचानक ‘नाही’ आलं, आणि त्याच्या मागोमाग चाळीस मिनिटांचं भाषण सहा-सात सेकंदांत पडद्यावरून सरसर वर गेलं. ते कोणालाच वाचता आलं नाही.

“वायर ढिली होती,” कॉम्प्युटरवाला टेबलाखालून म्हणाला.

संध्याकाळी दादा खुशीत होता. “सकाळी ते टाकीबद्दल बोलले ना, ते वहीत उतरवायला मी इथला पडदा थांबवून ठेवला. ते एक बटण आहे. मग जेवलो, जरा डोळा लागला. साडेचारच्या सुमाराला सोडलं तर काय धो धो आलं, धाकटे!”

बाईंनी हातातला चमचा खाली ठेवला.

सकाळी त्यांनी आधी कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. “मधे मधे साठा असतो,” तो म्हणाला. “एका फाट्याने घेणं थांबवलं की त्याचा साठा भरत जातो. पुरता भरला की टी पुढे काही सोडत नाही. कोणालाच.” मग त्याने वायर ढिली होती हेच कायम ठेवू असं सुचवलं. बाई सरळ सचिवांच्या खोलीत गेल्या आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फक्त लॅपटॉप कोणी दिला ते सांगितलं नाही. टेबलावर सकाळचं वर्तमानपत्र होतं. फोटो पहिल्या पानावर, चांगला मोठा होता.

“म्हणजे तुमच्या दादांनी झोप काढली, म्हणून हे सभागृह खोटं ठरलं?”

“हो साहेब.”

“हे मी अहवालात लिहू कसं?”

“जसं झालं तसं.”

सचिवांनी आजवर असं काही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“सभेतला मजकूर बाहेर नेलात. कोणाच्या परवानगीने?”

“सभा सगळ्यांना खुली आहे साहेब. तो येतच होता. लिफ्ट बंद आहे म्हणून घरी बसलाय.”

सचिवांनी नियमांचं पुस्तक मागवलं. तासभर शोधून त्यात सभा ऐकायला मनाई करणारं काही सापडलं नाही. वाचायला मनाई करणारं तर नाहीच. बाईंच्या सेवापुस्तकात ठपक्याची एक ओळ आली : सभागृहाचे वाक्य चाळीस मिनिटे अपूर्ण ठेवल्याबद्दल. दादाचा फाटा त्याच दिवशी काढला.

पण फोटोमागची हकीकत पसरली आणि गावभर कळलं की घरबसल्या सभा वाचता येते. एकसष्ट अर्ज आले. आठव्या दिवशी सभापतींनी योजना जाहीर केली आणि ती आपलीच कल्पना होती असं सांगितलं. बाईंनी तेही जसंच्या तसं टाइप केलं. कॉम्प्युटरवाल्याने प्रत्येक फाट्याला वेगळी सोय केली, एक तुंबला तर त्याचं त्यालाच तुंबावं अशी. दादालाही रीतसर अर्ज करावा लागला. ऐकू येत नसल्याचा दाखला हवा होता. तो देणाऱ्या डॉक्टरांनी कागदातून मान वर न करता सहा प्रश्न विचारले आणि एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा सही केली.

पाच आठवड्यांनी जोडणी आली. त्या दिवशी दादा नवाला आंघोळ करून बसला. सभेला पुरेसे सदस्यच आले नाहीत म्हणून ती अकरा मिनिटांत तहकूब झाली. बाई घरी आल्या तेव्हा तो अजून लॅपटॉपसमोर होता. ती अकरा मिनिटं त्याने चार वेळा वाचली होती.

“आज एकही चूक नाही,” तो म्हणाला.

एवढ्या वर्षांत हे त्याने पहिल्यांदा म्हटलं होतं. बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली, फळ्याजवळ जाऊन लिहिलं : अकराच मिनिटं होती.

दादाने वाचलं.

“तरी,” तो म्हणाला.