मोठ्या मायचा कडू घास

आर्णीच्या आमच्या गल्लीत कुणी वारलं की रडण्यापाठोपाठ पिठल्याचा वास यायचा. मोठ्या मायनं चूल पेटवली, हे त्यावरून कळायचं. मरण झालेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजाऱ्यांनी आणलेला कडू घास खायचा असतो. तो घास नेण्याचा मान माझ्या या चुलतीनं कधी दुसऱ्या कुणाला मिळू दिला नाही.

बांधावरून जिच्याशी सात वर्षं अबोला होता, तिचा नवरा गेला तेव्हाही ही भाकरीची टोपली घेऊन तिच्या उंबऱ्यात हजर. "भांडण मानसाशी हाये, पोटाशी नाही," म्हणाली. माझे बाबा गेले तेव्हा मी जेवणार नाही म्हणून अडून बसलो होतो. तिनं सरळ तुकडा माझ्या तोंडात कोंबला. "जिते राह्यलेल्यायनं खा लागते, बाबू." तेवढं प्रेमानं मला नंतर कुणी दटावलं नाही.

तिचा नवरा, आमचे मोठे बाबा, गेल्यावर तिच्या मुलानं, विलासदादानं, तिला पुण्याला नेलं. बंगल्यांची कॉलनी. दोन्हीकडची झाडं वर एकमेकांना भिडलेली, भर उन्हाळ्यात रस्त्यावर सावली, आणि त्या सावलीत चिटपाखरू नाही. मोठी माय सकाळी फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला "झाला का चहा?" विचारायची. लोक कानातले इअरफोन काढून "काय?" म्हणायचे आणि पुढे जायचे. "झाडायचं गाव हाये हे, मानसायचं नाही," असा तिनं मला फोनवर निकाल दिला.

एकदा शेजारच्या बंगल्यासमोर शववाहिनी थांबली. हिनं पिठलं-भाकर केली, टॉवेलखाली झाकली आणि तिकडे गेली. वॉचमननं विचारलं, कोणाकडे जायचं? नाव हिला कुठलं माहीत? "ज्याच्या घरी मयत झाली त्याच्या घरी," म्हणाली. त्यानं आत फोन लावला. आतून निरोप आला, आम्ही काही मागवलेलं नाही. ती परत आली. वहिनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि भाकरी फ्रीजमध्ये गेल्या. मला हे सांगताना मोठी माय हसली, म्हणून मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण पुढच्या फोनपासून तिनं एकच धोशा लावला. "मले आर्णीले घेऊन चाल. इथं मेली तर भाकर कोन आनीन?" दादा वाईट नव्हता, तिचं बीपी, तिचे डॉक्टर, त्याचा जीव धजत नव्हता. मी म्हणालो, सोयाबीन निघू दे, येतो न्यायला. सोयाबीन निघालं, मग कापूस वेचायला आला. शेतात काम नाही असा दिवस कधी असतो?

माघात एका पहाटे ती गेली. मी गाडी करून निघालो आणि संध्याकाळी पोचलो, तोवर सगळं आटोपलं होतं. वहिनीनं रीत पाळून गॅस पेटवला नव्हता. शेजाऱ्यांचे हात जोडलेले मेसेज आले होते. माणूस एकही आलं नव्हतं. शेवटी दादानंच मोबाईलवरून जेवण मागवलं. फाटकात डबे घेऊन आलेला माणूस म्हणाला, "ओटीपी सांगा." दादा चार आकडे सांगू लागला आणि तिसऱ्यावर त्याला रडू फुटलं.

डबे मी हातात घेतले. सकाळी निघताना बायकोनं विचारलं होतं, "चार भाकरी बांधून देऊ काय?" मी म्हणालो होतो, "कायले? पुण्यात सारं भेटते."