पॉलिशचे दोन हात

त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं ते आधी सांगते, म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की ही एकटीच होती आणि मनाचं सांगते. खाटेवर सासूबाई होत्या. खाली पाटासमोर थोरले भावोजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. चुलीपाशी त्यांची बायको, माझी जाऊबाई. आमचे हे उंबऱ्यावर बसलेले. शेजारच्या खोलीतली बाई परात मागायला आली होती, ती परात घेऊन तिथेच उभी राहिली. आणि मी. सासरे गावी होते. माझी मुलगी होती म्हटलं तर होती, पाटावर, कागदात. ती जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं.

मुलगी घटसर्पाने गेली. पाच वर्षांची होती. त्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही. त्या वर्षी आमच्या चाळीत तिघांची पोरं गेली, कोणाचं सांगायचं.

फोटो नव्हता. आमच्या लोकांत तेव्हा फोटो काढायचा तो लग्नात, नाहीतर म्हातारं माणूस गेलं की खुर्चीत बसवून. पोराचा फोटो कोण काढतं? पोरं काय, रोज समोरच असतात. होतं ते हे एक चित्र.

चित्र मी काम करायची त्या बाईने काढलेलं. आम्ही अंधेरीला पूर्वेकडे राहायचो, कुर्ला रस्त्याला, पत्र्याच्या चाळीत. ती बाई पलीकडे गावठाणात, ख्रिस्ती होती, एकटीच. नवरा बोटीवर. तो एकदा जपानहून खडूची पेटी घेऊन आला. शाळेतल्यासारखे कोरडे खडू नव्हेत, तेलाचे. बोटात धरले की मऊ पडायचे, लोण्यासारखे. बाई दुपारभर त्यानेच चित्रं काढायची. मुलगी माझ्याबरोबर यायची आणि ओट्यावर बसायची, गप्प बसायची म्हणून बाईला आवडायची. एक दिवस बाईने तिचंच चित्र काढलं. पिवळी भिंत, निळा झगा, केसांचा बॉब. डोळे असे काढले होते की बघणाऱ्याला वाटावं, आत्ता काहीतरी मागेल.

त्या घरात भांड्यांसारखंच चित्रांचंही काम मला होतं. चित्र झालं की त्याच्यावर खडूची कस्पटं राहतात, ती फडक्याने झाडायची नाहीत, कागद उभा धरून फुंकायची. मग बटर पेपर अलगद ठेवायचा, दाबायचा नाही, दाबला की रंग त्याला चिकटून वर येतो. भिंतीला लावायचं तर काच पाहिजे, आणि काच चित्राला टेकता कामा नये, मध्ये चारी बाजूंनी पुठ्ठ्याची पट्टी पाहिजे. उन्हात ठेवायचं नाही. हात तर लावायचाच नाही. बाई म्हणायची, "हा रंग सुकत नाय, समजलीस? आज पण ओला, तुझी पोर म्हातारी होईल तेव्हा पण ओला."

कोळशाने काढलेली चित्रं वेगळी. त्यांच्यावर ती एका वाकड्या नळीतून फूं करून कसलं तरी पाणी उडवायची, ते वाळलं की कोळसा हाताला लागत नसे. त्या पाण्याला आमच्या भावोजींच्या सदऱ्यासारखा वास यायचा. हे मी एकदा घरी हसत हसत सांगितलं होतं.

भावोजी साकीनाक्याच्या बाजूला एका लाकडाच्या कारखान्यात पॉलिशवाले होते. लाखदाणा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाचा बोळा मलमलीत बांधायचा, त्याची पोटली करून ती लाकडावर गोल गोल फिरवायची. एकदा पूर्ण फिरवली की एक हात झाला. असे दोन हात, चार हात, जसं गिऱ्हाईक. कामाला चांगले होते, खोटं कशाला बोलू. दारूबंदीचे दिवस होते ते, लोक पॉलिशचं स्पिरिटही प्यायचे. भावोजींच्या अंगाला पॉलिशचा वास यायचा तो कामाचा की पोटातला, हे घरात कोणी विचारत नसे. घर त्यांच्या पगारावर चालायचं. आमच्या ह्यांना गिरणीत कोणाच्या तरी बदलीवर काम मिळालं तर मिळालं.

मुलगी गेल्यावर मी चित्र ट्रंकेत ठेवलं, आडवं, वर बटर पेपर. रोज नाही बघायची. पण आहे म्हणून ठाऊक होतं.

गणपती जवळ आले तेव्हा सासूबाईंनी विषय काढला. गावची माणसं येणार, त्यांनी नातीला बघायला नको?

"चेडवाक ट्रंकेत कित्याक कोंडलंस गो?" म्हणाल्या. "भिंतीर लाव तेका. हार घालूया, गंध लावूया."

मी म्हटलं, काच आणल्याशिवाय नको. गंध थेट कागदावर कसं लावणार? आणि आमच्याकडे चुलीबरोबर भुशाची शेगडी होती, भावोजीच कारखान्यातून भुसा आणायचे. तो भुसा आणि ती काजळी रोज घरभर. ओल्या रंगावर बसली की निघायची नाही.

इतकंच बोलले आणि भावोजींना काम मिळालं. दुसऱ्याच रविवारी ते सागवानाच्या तुकड्यांची चौकट करून घेऊन आले. सुरेख केली होती, कोपरे असे जुळवलेले की नख जाणार नाही. काच नव्हती. काखेत पॉलिशची बाटली होती.

"काच कशाला?" म्हणाले. "फुटायची वस्तू. मी दोन हात मारतो. पक्कं होईल. वरून ओल्या फडक्याने पुसलं तरी चालेल."

आता एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर आजच्या पोरींना वाटेल ही तोंडात मिठाची गुळणी धरून का बसली. आमच्यात धाकट्या भावाच्या बायकोने थोरल्या दिराशी बोलायचं नसतं. समोरून जायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही. ते पण माझ्याशी बोलायचे नाहीत. मीठ पाहिजे असलं तरी बायकोला म्हणायचे, "तिला सांग." आठ वर्षं एका खोलीत काढली आणि एकमेकांशी एक शब्द नाही. खोली केवढी, तर हात लांब केला की दुसऱ्याला लागेल एवढी. तरी सगळं जाऊबाईंच्या तोंडून.

त्यांनी चित्र पाटावर ठेवलं, बटर पेपर काढला, बाटलीचं बूच उघडलं. मी जाऊबाईंच्या कानाशी गेले.

"वहिनी, त्यांना सांगा, ह्याच्यावर घासायचं नसतं. बाईने बजावलंय. रंग ओला आहे."

जाऊबाई तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, ती म्हणते रंग ओला आहे."

"वर्ष झालं की! वर्षात भिंतीचा गिलावासुद्धा वाळतो, तिला सांग."

"हा वाळत नाही वहिनी. तेलाचा आहे. कधीच वाळत नाही."

"ती म्हणते, कधीच वाळत नाही."

"अगं बाई," परातवाली म्हणाली, "रंग आहे का लोणचं?"

सगळे हसले. आमचे हेसुद्धा हसले. मी ह्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, "दादा करतोय ना, करू दे. त्याचा धंदाच आहे."

सासूबाई म्हणाल्या, "ती बाई हिका भांडी घासूक ठेवता की चित्रा शिकवूक?"

मग भावोजींना ती गोष्ट आठवली. मी आयुष्यात केलेली एवढीच थट्टा त्या माणसाने लक्षात ठेवली होती. "तिला विचार, तिची बाई चित्रावर काय मारते? पॉलिशच ना? हीच सांगत होती, माझ्या सदऱ्यासारखा वास येतो."

मी म्हटलं, "ते कोळशाच्या चित्राला, वहिनी. आणि लांबून, फुंकून. घासत नाहीत. तेलाच्या खडूला तेसुद्धा नाही मारत. सांगा ना, हे सगळं सांगा."

जाऊबाईंच्या सुपात अजून अर्धे तांदूळ होते. वाईट बाई नव्हती ती. पण एवढं लांबलचक कोण सांगत बसणार? तिने नवऱ्याकडे बघून सांगितलं, "ती म्हणते, हो. बाईकडे पण मारतात."

"मग झालं तर."

मी "तसं नाही, तसं नाही" म्हणत राहिले, पदराच्या आत. पदराच्या आतलं कोण ऐकतं.

त्यांनी पोटली भिजवली, पिळली आणि खालून सुरुवात केली. झग्याची कड, मग पिवळी भिंत. थोडा पिवळा निळ्यात शिरला, पण वर चकाकी आली. परातवाली म्हणाली, "आरसा झाला हो, आरसा!" भावोजी खूश झाले. माणूस कौतुकाला भुकेला होता, कारखान्यात कोण करणार. पोटली परत भिजवली आणि वर घेतली, तोंडावर. गोल फिरवली.

मी ओरडले, "थांबा!"

त्यांच्याशी बोललेला माझा तो पहिला शब्द. पदर खांद्यावर आला होता.

ते थांबले. पण एक फेरा होऊन गेला होता. केसांचा काळा रंग कपाळावरून गालावर आला होता. डोळे होते तिथे तपकिरी चिखल. नाक नाही, तोंड नाही. अंडं फेटावं तसं सगळं एकात एक.

आणि बघा, चित्राकडे कोणी बघितलंच नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. जाऊबाईंचं सूप हातात तसंच. हे उंबऱ्यावरून उठले. सासूबाई खाटेवरून खाली उतरल्या, एरवी त्यांना उठवायला दोघं लागायची.

"थोरल्या दिरार आवाज चढवतंस? माझ्या घरात? पाया पड आधी!"

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "पड गं. वाढवू नको."

मी पदर डोक्यावर घेतला आणि पाया पडले. पायाशी स्पिरिटचा वास होता. भावोजी बायकोला म्हणाले, "तिला सांग, माझ्या मनात काही नाही."

जाऊबाईंनी सांगितलं. हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं.

मग सगळे चित्राकडे वळले. भावोजी म्हणाले, रंगच हलका होता, कागदही हलका. चांगला माल असता तर असं झालं नसतं. परातवाली परात घेऊन गेली आणि संध्याकाळपर्यंत चाळभर झालं की अमकीची सून दिरावर ओरडली. कशासाठी ओरडली, ते नाही.

मला वाटलं आता तरी ट्रंकेत ठेवू देतील. पण चौकट केली होती ना, सागवानाची. भावोजींनी चित्र तिच्यात बसवलं, खिळा मारला. सासूबाई लांबून बघत म्हणाल्या, "हार मोठो घाला. तोंडार येवंदे."

गणपतीला गावची माणसं आली. झेंडूचा जाड हार तोंडावर. आल्यागेल्याने हात जोडले. गंध कुठे लावायचं ते कोणाला कळेना, तर चौकटीला लावलं. भावोजी सांगायचे, "मी स्वतः पॉलिश केलंय. वाळवी लागायची नाही." तेवढं खरं झालं. वाळवी आजवर लागली नाही.

सण झाल्यावर मी चित्र चौकटीसकट पिशवीत घालून बाईकडे नेलं. वाटलं, जिने काढलं ती परत काढील. बाईने बघितलं आणि कपाळाला हात लावला. "सांगितलं होतं ना तुला मी? कितीदा सांगितलं?" तिलाही जाऊबाईंना सांगितलं तसं लांबलचक सांगावं लागलं असतं. सांगितलं नाही.

शिव्या घालून झाल्यावर मनाने चांगली म्हणून नवीन कागद घेतला. केस काढले, झगा काढला, सगळं भराभर. मग हात थांबला. म्हणाली, "डोळे कसे होते गं? बारीक की मोठे? कोपरे वर की खाली? तू सांग, मी काढते."

मी तोंड उघडलं. माझी मुलगी, पोटची. रोज तिच्या डोळ्यांत काजळ मीच घालायची. मला सांगता येईना. डोळे मिटले की तो तपकिरी चिखलच पुढे यायचा. त्या एका महिन्यात त्याने खरं तोंड पुसून टाकलं होतं, आतलंसुद्धा.

बाई वाट बघत राहिली. मग तिने आपल्या मनाने डोळे काढले, सुंदर, सिनेमातल्या पोरीचे. "बघ, झाली की नाय तुझी पोर?" मी म्हटलं, झाली. आणि जुनं चित्र घेऊन, ते नवीन तिच्याकडेच ठेवून आले. कोणाची तरी पोर होती ती, माझी नव्हती. पुढे मी ते काम सोडलं.

सासूबाई गेल्या, भावोजी गेले, जाऊबाई गेली, आमचे हे पण गेले. भावोजी गेले त्या दिवशी मला रडू आलं नाही, लोकांनी त्यालाही नावं ठेवली. खोली सुटली तेव्हा खिळ्यावरून चित्र मी उतरवलं. चौकट काढून टाकली. तेव्हा कळलं, चौकटीखाली झाकलेल्या खालच्या कोपऱ्यात पोटली पोचली नव्हती. मुलीचा डावा हात तिथे आहे, तसाच्या तसा. बोटांत नानकटाईचा तुकडा. करंगळी जरा वाकडी. ती तशी होती, हे मी विसरले होते.

मी शाळेत चौथीपर्यंत गेले, हे सगळं लिहायला मला दोन महिने लागले. मागाहून मुलगा झाला, त्याची पोरं म्हणतात, आजी, आता स्प्रे मिळतो, वरून मारला की झालं. कोणी म्हणतं, कॉम्प्युटरवर तोंड नवीन करून देतात. सगळ्यांना काहीतरी मारायचंच असतं.

हे वाचणाऱ्याला एवढंच सांगणं आहे. माझ्या मागे ते चित्र तुमच्या हातात आलं तर दुरुस्त करायला देऊ नका. काही लावू नका, पुसू नका. वर बटर पेपर टाका, दाबू नका, आणि आडवं ठेवा.